तिशी उलटली, तरी पिंपल्स?

प्रश्न : वय ३४. कॉलेजात असताना चेहरा स्वच्छ होता. आता हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखरे फोड येतात, पाळीच्या आधी तर हमखास. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा घे. एवढ्यासाठी स्किनच्या डॉक्टरकडे जायचं का?

उत्तर : सब्जा खुशाल घ्या, फोड मात्र त्याने जाणार नाहीत. जागा आणि वेळ दोन्ही हार्मोन्सकडे बोट दाखवतात. पाळी लांबते का, हनुवटीवर राठ केस येतात का, हे डॉक्टर विचारतील. तसं असेल तर पीसीओएसच्या, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडाच्या, तपासण्या करू. नसेल तर उगाच पैसे घालवू नका. पण जा जरूर. खोल गाठ बसताना खड्डा ठेवून जाते आणि खड्डा भरणं हे गाठ बसवण्यापेक्षा कितीतरी कटकटीचं.

प्रश्न : वय २९. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने आठवड्यात चेहरा साफ झाला, उजळलाही. वर्षभर लावतेय. आता एक दिवस चुकला तरी आग होते, बारीक पुरळ येतं.

उत्तर : ही ट्यूब माझ्या टेबलावर वरचेवर येते, टूथपेस्टसारखी शेपटाकडून गुंडाळलेली. नाव काहीही असो, खालची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन दिसलं, तर ते स्टेरॉइड. सूज दाबतं म्हणून आठवड्यात चेहरा चकाचक होतो. पुढे कातडी पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते आणि ज्यासाठी लावलं ते पिंपल्सही त्यानेच येतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत असा नियम केला. पण काउंटरवर चिठ्ठी मागतं कोण?

ट्यूब कशी सोडायची, एकदम की हळूहळू, हे चेहरा बघूनच ठरवावं लागतं. सोडल्यावर काही आठवडे चेहरा जास्तच भडकतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत माणसं घाबरून पुन्हा ट्यूब पिळतात. तेवढं टाळा. तोवर साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी काही नाही. लिंबू, टूथपेस्ट तर मुळीच नको. येताना रिकामी का होईना, ट्यूब आणा. ‘पांढरी-गुलाबी होती’ यावरून आम्हाला ओळखता येत नाही.

प्रश्न : डॉक्टरांनी पिंपल्ससाठी अडापलीनचं मलम दिलंय. तीन आठवड्यांत सालं निघायला लागली, पिंपल्स तसेच. बंद करू?

उत्तर : इतक्यात नको. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. रात्री, तोंड कोरडं झाल्यावर, वाटाण्याएवढं मलम सगळ्या चेहऱ्याला लावा, एकेका फोडावर टिपके देऊ नका. सालं फार निघत असतील तर एक दिवसाआड करा. बाळाचा विचार असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला. सोबत बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम असेल तर उशीला जुना अभ्रा घाला, रंग उडतो.

प्रश्न : वय ३१, पुरुष. जिमला जातो. पाठीवर मोठे फोड आहेत. आयसोट्रेटिनॉइनची गोळी सांगितलीय, पण मित्र म्हणतो लिव्हर जातं.

उत्तर : म्हणूनच आधी आणि मधे रक्त तपासतात. ओठ फुटतील, खिशात व्हॅसलीन ठेवा. दारू टाळा. खरी धास्ती गरोदरपणाची असते, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून बायकांना ही गोळी फार जपून देतो. तुमच्या बाबतीत मला दुसरीच शंका आहे. व्हे प्रोटीनची पावडर किती घेता? त्यानेही फोड वाढू शकतात. आणि जिममध्ये कुणी शरीर कमावण्यासाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं टोचली असतील तर डॉक्टरांना सांगून टाका. घरी कळवत नाही आम्ही.