नवख्याचा ब्रेड आणि बँकॉकची बोट

प्रश्न : ताई, मी कराडचा. एका सेमिस्टरसाठी बँकॉकला आलोय, आज नववा दिवस. रूम रामखामहेंग भागात, कॉलेज सयामजवळ. खरं सांगायचं तर हे शहर मला झेपत नाहीये. पहिल्याच रविवारी राजवाडा बघायला गेलो तर गेटच्या बरंच अलीकडे एक गोड बोलणारा माणूस भेटला, म्हणाला आज बंद आहे, चल तुला २० बातमध्ये (बात म्हणजे इथलं चलन) टुकटुकने, म्हणजे इथल्या रिक्षाने, दुसरी देवळं दाखवतो, आणि फिरवत फिरवत मला नेऊन बसवलं खड्यांच्या दुकानात. काही घेतलं नाही पण जाम टरकलो. तेव्हापासून कॉलेज ते रूम, रूम ते सेव्हन-इलेव्हन, बस. ब्रेड आणि दही. कॉलेजला टॅक्सीने जातो, त्यात दीड दीड तास जातो आणि पैसेही उडतात. आईला फोनवर सांगतो मस्त चाललंय. अंडं खातो, मांसमासे नाही. सुरुवात कुठून करू?
— एक नवखा

उत्तर : अरे नवख्या, आधी ते खड्यांचं डोक्यातून काढ. ही थाप तिथल्या राजवाड्याइतकी नसली तरी बऱ्यापैकी जुनी आहे, तू पहिला नाहीस आणि पुढच्या रविवारी आणखी कोणीतरी बसेलच त्या टुकटुकमध्ये. मी २०१४ ला तिकडे शिकायला गेले तेव्हा मला शिंप्याकडे नेलं होतं, सूट शिवून घ्या म्हणे, ४ महिन्यांच्या स्कॉलरशिपवर आलेल्या मुलीला! राजवाडा साडेआठला उघडतो, बंद आहे की चालू ते तिकिटाच्या खिडकीवर कळतं, रस्त्यावर नाही. गुडघे आणि खांदे झाकून जा, नाहीतर खरंच परत पाठवतील.

पण राजवाडा राहू दे सध्या. तुझी गडबड काय झालीये, तू थेट शहराला भिडलास आणि स्वतःची गल्ली सोडून दिलीस. गल्लीला तिथे सोई म्हणतात हे तुला एव्हाना कळलं असेल, तर आधी ती सोई पाठ कर. तोंडाशी नारिंगी जाकीटवाले बाइक-टॅक्सीवाले बसलेले असतात, त्या स्टँडला वीन म्हणतात, बऱ्याच ठिकाणी तिथे दरांचा बोर्ड लावलेला असतो. रोज सकाळी त्यांना मान झुकवून 'सवात्दी खाप' म्हण. चौथ्या दिवशी ते तुला ओळखतात, आठव्या दिवशी पाऊस आला की हाक मारतात. कापलेला पेरू विकणारी मावशी, इस्त्रीवाली, नाणं टाकून पाण्याची बाटली भरायचं मशीन (नळाचं नको पिऊ, तिथे कोणीच पीत नाही), एवढं झालं की निम्मं बँकॉक झालं. आणि सोईंच्या नंबरांवर विश्वास ठेवू नकोस, एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम असतात पण ते समोरासमोर येतीलच असं नाही, सुखुमवित रस्त्याला ५५ नंबरच्या समोर ३८ नंबर येतो. मी ५६ शोधत उन्हात अर्धा तास चालले होते.

आता टॅक्सी. बाबा रे, रामखामहेंगला राहतोस आणि टॅक्सीने सयामला जातोस? तुझ्या मागून कालवा जातोय! ख्लोंग सेन सेप, १८३७ मध्ये खोदायला घेतला, तेव्हा पूर्वेकडे सैन्य पाठवायला हवा होता, आता १९९० पासून त्यात प्रवासी बोटी पळतात आणि खालच्या पाण्याला सिग्नल नाही. धक्क्यावर उभा राहा, बोट येते ती नीट थांबत नाही, टेकल्यासारखं करते, तेवढ्यात दोर धरून आत उडी. मोबाईल खिशात, सॅक पुढे. कडेला बसलास तर दोरी ओढायची ड्यूटी तुझी : समोरून दुसरी बोट आली की ती दोरी खेचायची, निळं प्लास्टिक वर येतं आणि सगळ्या बाकाचे कपडे वाचतात. मी पहिल्यांदा नुसती बघत बसले, काळं पाणी थेट मांडीवरच्या वहीवर, शेजारच्या आजींनी काही न बोलता माझ्या हातात दोरी दिली. तिकीटवाला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत येतो, आपल्याकडचा कंडक्टर गर्दीतून वाट काढतो तसा, फक्त याच्या खाली कालवा. पूल ठेंगणा आला की बोटीचं छप्परच खाली येतं. प्रातुनामला सगळे उतरतात, तूही उतर आणि दुसरी बोट पकड, पुढचा थांबा हुआ चांग, तिथून सयाम चालत. पाण्याला वास येतो, आधीच सांगते. आणि रात्री उशिरा बोट नसते, तेव्हा मग ट्रेन.

जेवण. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं, १७ आकड्यासारखं दिसणारं काहीतरी, ते शोध. त्याचा उच्चार 'जे', म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही, आपल्या जैन ताटाच्या जवळ जाणारं. नुसतं 'भाजी' मागितलीस तर त्यात नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, पडणारच. नाम म्हणजे पाणी, प्ला म्हणजे मासा, समजून घे. 'माय साय नाम प्ला' म्हणजे ते घालू नका. आणि तुला अंडं चालतं ना, अंड्याला थाईत 'खाय' म्हणतात, मराठी माणसाला एवढं सोपं जगात कुठे मिळणार!

भाषेचं भय वाटत असेल तर पाट्या जरा वेगळ्या कानाने ऐक. तू उतरलास तो विमानतळ सुवर्णभूमी, लिहितात तसंच आणि म्हणतात 'सुवन्नफूम'. शिक्षकाला 'ख्रू' म्हणजे गुरू, जेवणाला 'आहान' म्हणजे आहार, विद्यापीठाला 'महाविथयालय'. गणपती तिथे फ्रा फिकनेत, कलांचा देव, सरकारच्या ललित कला विभागाच्या चिन्हावर तोच आहे. तारखेत २५ ने सुरू होणारं साल दिसलं तर घाबरू नकोस, बुद्ध संवत आहे, त्यातून ५४३ वजा कर. २५५७ एक्सपायरी लिहिलेला ब्रेड हातात धरून मी दुकानात हसत उभी होते.

एक राहिलं, सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनात, बागेत राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी थांबतात. तूही थांब.

आईला मात्र खरं सांग. तिला तुझ्या आवाजावरून कळलेलंच असणार.

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये पदवीसाठी बँकॉकला चालली आहे. व्हिसा झाला. कागदपत्रांचं आणखी काही?
— एक आई, नाशिक

उत्तर : काकू, तीन गोष्टी. ती राहायला गेली की २४ तासांत टीएम-३० नावाची नोंद घरमालकाने इमिग्रेशनला करायची असते, मालक विसरतात, तिने मागे लागून पावतीचा फोटो घ्यावा. दर ९० दिवसांनी पत्त्याची हजेरी द्यावी लागते. आणि दिवाळीला घरी येणार असेल तर निघण्याआधी री-एन्ट्री परमिट, तो न घेता देश सोडला तर स्टुडंट व्हिसा तिथेच संपतो, माझ्या रूममेटचा संपला होता आणि लाडू घेऊन परतायच्या ऐवजी ती पुन्हा दूतावासाच्या लायनीत. बाकी बॅगेत फार ड्रेस कोंबू नका, तिथे पदवीच्या मुलामुलींना पांढरा शर्ट आणि काळा स्कर्ट किंवा पँट असा युनिफॉर्म असतो.