आधी चिंचोके, मग पाटी

अगं, अंगणवाडीत पहिल्याच आठवड्यात शंभरपर्यंत पाठ करून घेऊ नकोस. मूल घडाघडा आकडे म्हणतं, पण पाच चिंचोके मोजायला दिले की बोट तिसऱ्यावर आणि तोंड सातवर! म्हणून एकेक चिंचोका उचलून वाटीत टाकायला लाव. एक टाकला, एक म्हटलं. मग विचार, "किती झाले?" पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे त्याला अजून उमगलेलं नाही. थांब थोडी.

३ आणि ६ हमखास उलटसुलट होतात, ते एकाच दिवशी नकोत. रांगोळीने जमिनीवर मोठ्ठा ३ काढ आणि त्यावरून चालू दे. माझी मुलं तर लंगडी घालत जातात.

आणि अडीच वर्षांच्या आतल्या पोरांना चिंचोके नकोच, नाकात घालतात. त्यांना बटाटे दे.