मिनेसोटात द्राक्षवेल लावताय? आधी जात बघा

दुकानात थॉम्पसन सीडलेसचं रोप दिसलं तरी घेऊ नका, तिथली थंडी त्याला सोसत नाही. खायला हवी तर ब्लूबेल किंवा सॉमरसेट सीडलेस लावा. मार्केट (Marquette) आणि फ्रॉन्टेनॅक या जाती मिनेसोटा विद्यापीठाच्या, थंडीला कणखर, पण मुळात वाइनसाठीच्या.

मांडव दक्षिणेच्या उन्हात, खांब भक्कम. पहिली दोन वर्षं घड दिसले की खुडून टाका. जीव होतो वरखाली, पण मुळं आणि खोड आधी.

खरी गोम छाटणीत. नाशिकला एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, अशा दोन. तुमच्याकडे एकच, मार्चअखेरीस, कडाका ओसरल्यावर. फळ येतं ते गेल्या वर्षीच्या काडीच्या डोळ्यांतून फुटणाऱ्या नव्या फुटीवर, म्हणून त्या काड्या थोड्याच ठेवायच्या आणि बाकी वाढ, जवळजवळ नव्वद टक्के, कापायची. नवखे इथेच हात आखडतात आणि मग मांडवभर नुसती पानं! कापल्या जागी पाणी ठिबकलं तर घाबरू नका, वेलीला काही होत नाही. खत बेतानं. उन्हाळ्याच्या शेवटी नत्र दिलं तर काडी कच्ची राहते आणि थंडीत जळते.

पिकायला लागली की वर जाळी टाका, पक्षी तुमच्या आधी चव बघतात.