वाचकांचे प्रश्न : घातले नायट्रेट, सापडले कार्बोनेट

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचे नायट्रेट २:१ प्रमाणात घेऊन, कॉस्टिक सोडा टाकून थरांचे हायड्रॉक्साइड केले. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनाच्या चाचणीत) थरांमधले अंतर ०.७६ नॅनोमीटर आले आणि थरांमधल्या नायट्रेटची फ्लोराइडशी अदलाबदल जवळजवळ झालीच नाही. चूक कुठे झाली असावी?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : तुमच्या थरांमध्ये नायट्रेट नसून कार्बोनेट बसले आहे. २:१ या प्रमाणाला नायट्रेट असते, तर अंतर सुमारे ०.८८ नॅनोमीटर आले असते. खात्री करायची असेल, तर चिमूटभर भुकटीवर विरल आम्लाचा थेंब टाकून बुडबुडे येतात का ते पाहा.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या थरात काही मॅग्नेशियमची जागा ॲल्युमिनियम घेतो तेव्हा थरावर धनभार उरतो आणि तो फेडायला ऋण आयन पाण्यासह मध्ये येऊन बसतात. आपल्या काळ्या जमिनीचे याच्या बरोबर उलट आहे. तिच्यातल्या चिकणमातीचे थर ऋणभारित असल्याने पोटॅश धरून राहतो, पण केळीला ठिबकमधून दिलेले नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरते. तुमचा पदार्थ नायट्रेट धरतो खरा, पण सैलपणे, म्हणूनच ते फ्लोराइडला सहज जागा देते. कार्बोनेटची पकड मात्र नेहमीच्या ऋण आयनांत सर्वांत घट्ट असते.

हे कार्बोनेट हवेतून आले, आणि बहुधा सोड्याच्या बरणीतूनही: जुन्या गोळ्यांवर दिसणारी पांढरी पूड सोडियम कार्बोनेटचीच असते. तेव्हा ताजा सोडा घ्या, पाणी उकळून बंद भांड्यात निववा, क्षारांचे द्रावण आणि सोडा एकाच वेळी थेंबथेंब सोडत सामू १० च्या आसपास राखा आणि वर नायट्रोजनचा प्रवाह ठेवा. धुतानाही तेच उकळलेले पाणी वापरा. इतके सगळे सांभाळून पुढे तासभर उघड्या नरसाळ्यात गाळत बसलात, तर केलेले पाण्यात जाते.

हाती असलेला नमुनाही फेकू नका. तो ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला काही तास भाजला, की कार्बोनेट निघून जाऊन मिश्र ऑक्साइड उरते, आणि ते कार्बोनेटमुक्त फ्लोराइडच्या द्रावणात टाकले, की फ्लोराइड आत घेत थर पुन्हा उभे राहतात. त्या वेळी द्रावणाचा सामू चढतो, त्याची नोंद ठेवा. भट्टी मात्र फार वर नेऊ नका. ९०० अंशांच्या पुढे स्पिनेल, म्हणजे मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचे पक्के स्फटिकी ऑक्साइड, तयार होते आणि मग थर परत येत नाहीत.