टिळक ‘विधानपरिषदेवर’ होते का? कौन्सिल, कायदेमंडळ, विधिमंडळ आणि काही जोडशब्द

प्रश्न असा आहे: ‘एका चरित्रात “टिळक १८९५ साली मुंबई विधानपरिषदेवर निवडून गेले” असे वाचले. दुसऱ्या पुस्तकात त्याच जागी “कायदेकौन्सिल” आहे, तिसऱ्यात “विधिमंडळ”. हे तिन्ही एकच का? शिवाय विधिमंडळ बरोबर की विधानमंडळ?’

संस्था एकच, शब्द तीन. आणि तिघांतला पहिला टाळावा. ‘विधानपरिषद’ म्हटले की आजच्या वाचकाला दोन सभागृहांपैकी वरिष्ठ सभागृह आठवते. १८९५ साली वरिष्ठ-कनिष्ठ असा प्रकारच नव्हता. होते ते एकच कौन्सिल. घोळ होतो तो असा: भाषांतर करणारा आजचा कोश उघडतो, त्यात लेजिस्लेटिव्ह कौन्सिलपुढे ‘विधानपरिषद’ दिसते, आणि तोच शब्द तो सव्वाशे वर्षे मागे नेऊन चिकटवतो. इंग्रजी नाव तेच राहिले, पण त्या नावामागची संस्था मधल्या काळात पार बदलली.

मुंबईचे कौन्सिल मुळात कायद्यासाठी नव्हतेच. ते गव्हर्नरचे सल्लागार मंडळ. १८६१च्या कायद्याने त्यात कायदे करण्यापुरते काही जादा सभासद घ्यायची सोय झाली आणि २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्याची पहिली बैठक भरली. सगळे सभासद गव्हर्नरने नेमलेले. नाना शंकरशेट या पहिल्या काळातले. त्यांच्याबाबतीत ‘निवडून गेले’ लिहिणे साफ चूक, ‘नेमणूक झाली’ असेच हवे.

१८९२च्या कायद्याने दार थोडे किलकिले झाले, पण ‘निवडणूक’ हा शब्द त्या कायद्यात मुद्दाम घातला नाही. जिल्हा व तालुका लोकल बोर्डे, नगरपालिका, विद्यापीठ अशा संस्थांनी नाव सुचवायचे आणि गव्हर्नरने त्या नावाची नेमणूक करायची. टिळक १८९५ साली मध्य विभागातल्या लोकल बोर्डांकडून गेले ते या वाटेने. गोखलेही १८९९ साली याच कौन्सिलात आले. संस्थांच्या पातळीवर मते पडत होती, म्हणून टिळकांबद्दल ‘निवडून गेले’ म्हणायला हरकत नाही. मात्र कायद्याच्या भाषेत ती शिफारस होती, हे तळटिपेत तरी यावे.

निवडणुकीचे तत्त्व उघडपणे मान्य झाले ते १९०९मध्ये, आणि त्याच कायद्याने मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ आले. सामान्य मतदाराने थेट मत देऊन बहुसंख्य सभासद पाठवायचे, हे १९१९च्या कायद्यानंतरचे. त्याखालची पहिली निवडणूक १९२०च्या अखेरीस झाली. मत होते ते मालमत्ता, शेतसारा वगैरेंच्या अटीत बसणाऱ्यांनाच. स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव मुंबईच्या कौन्सिलने १९२१मध्ये केला. या काळातला एक तपशील फारसा कुणाला माहीत नसतो: मुंबई कौन्सिलात ‘मराठा आणि तत्सम’ जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या होत्या. १९२०च्या दशकातल्या मजकुरात ‘कौन्सिलप्रवेश’ हा शब्द वारंवार भेटतो. तो स्वराज्य पक्षाच्या धोरणाचा शब्द आहे, कौन्सिलांवर बहिष्कार न घालता आत जाऊन लढण्याचा. त्याचे ‘विधानपरिषद-प्रवेश’ असे आधुनिकीकरण केले, तर वाचक हमखास फसेल.

दोन सभागृहे आली ती १९३५च्या कायद्याने, प्रत्यक्षात १९३७ साली. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा, वरिष्ठ सभागृहात २९ किंवा ३०. त्यामुळे मुंबईपुरता सोपा हिशेब असा: १८६२ ते १९३७ ‘कौन्सिल’ किंवा ‘कायदेकौन्सिल’; अगदी मराठीच हवे तर ‘कायदेमंडळ’. १९३७नंतर ‘विधानसभा’ आणि ‘विधानपरिषद’.

हा हिशेब नागपूरला लावू नये. मध्यप्रांत-वऱ्हाडला १९३७मध्येही एकच सभागृह मिळाले, ११२ जागांचे. तिथल्या १९३८च्या सभासदाला विधानपरिषदेवर बसवणारे लेख अधूनमधून दिसतात. मराठवाडा तर निजामाच्या राज्यात होता, या कायद्यांच्या कक्षेबाहेर.

आता विधिमंडळ की विधानमंडळ. दोन्ही शुद्ध, दोन्ही एकाच ‘धा’ धातूचे. राज्यघटनेच्या मराठी पाठात आणि सचिवालयाच्या पाटीवर ‘विधानमंडळ’ आहे. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात ‘विधिमंडळ’. ‘विधिमंडळ’चे श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धीला दिले जाते, आणि ‘कायदेमंडळ’मधला अरबी ‘कायदा’ काढून तिथे ‘विधी’ बसवणे हे त्या चळवळीच्या रीतीला धरूनच आहे. माझा कौल विधिमंडळाला, कारण मराठीत ‘विधान’ म्हणजे आधी बोललेले वाक्य. वादग्रस्त विधान, बेजबाबदार विधान. (अर्थात ‘विधी’ म्हणजे आधी लग्नातला किंवा श्राद्धातला, पण तिथे निदान काहीतरी रीतसर पार पडते.) ‘कायदेमंडळ’ बाद झालेले नाही. नागरिकशास्त्रात कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ अशी त्रयी शिकवतात. तिथे तो संसदेलाही लागू होणारा सामान्य शब्द आहे. विधिमंडळ म्हणजे राज्याचेच.

लिहिताना ‘विधिमंडळ’, धि ऱ्हस्व. एकटा शब्द ‘विधी’ दीर्घ, पण तत्सम इकारान्त शब्द समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व राहतो: कविसंमेलन, रविवार, तसे विधिमंडळ. ‘विधीमंडळ’ रोज छापून येते म्हणून ते बरोबर ठरत नाही. ‘विधानसभा’ जोडून लिहितो, तर ‘विधानपरिषद’ही जोडून लिहावे; मधली फट निष्कारण आहे. आणखी एक बारकावा: घटनेप्रमाणे राज्यपाल हाही विधानमंडळाचा घटक असतो, केवळ दोन सभागृहे मिळून विधानमंडळ होत नाही.

‘आमदार टिळक’ असे कुणी लिहीत नाही हे नशीब. त्या काळी कौन्सिलच्या सभासदामागे ‘ऑनरेबल’ लागे आणि त्याचे मराठी ‘नामदार’. म्हणून नामदार गोखले. पुढे ‘नामदार’ मंत्र्यांकडे सरकला, आणि पत्रिकांवर आज ‘ना.’ मंत्री, ‘आ.’ आमदार, ‘खा.’ खासदार अशी उतरंड असते. आमदार-खासदार ही जोडी उघडच आम आणि खास यांवरून बेतलेली आहे, दोन्हींना फारसी ‘दार’. हिंदीत ‘विधायक’ म्हटले की सहसा विधानसभेचा सदस्य. आपला ‘आमदार’ दोन्ही सभागृहांना चालतो, त्यामुळे बातमीत ‘विधानपरिषदेतील आमदार’ असा खुलासा करावाच लागतो.

तो करताना पुढचा खड्डा येतो: ‘पदवीधर आमदार’. याचा अर्थ पदवी घेतलेला आमदार की पदवीधर मतदारसंघातला? कायद्याने दुसराच, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला पदवी असण्याची अट नाही. वय ३० पूर्ण आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढे पुरते. सर्वोच्च न्यायालयानेही १९७२मध्ये हेच सांगितले. ‘शिक्षक आमदारा’चेही तसेच. म्हणून ‘पदवीधर मतदारसंघाचे आमदार’ असे पूर्ण लिहावे.

इथे ‘मतदारसंघ’ हा मराठी शब्द फार चपखल बसतो. हिंदीतले ‘निर्वाचन क्षेत्र’ जमिनीकडे बोट दाखवते, आपला शब्द माणसांच्या गटाकडे. पदवीधरांचा गट, शिक्षकांचा गट, १९०९चा विभक्त गट, हे सगळे त्यात सहज मावतात. महाराष्ट्राच्या विधानपरिषदेतल्या ७८ जागांची फोड अशी: ३० विधानसभेच्या सदस्यांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपालनियुक्त. स्थानिक संस्थांच्या जागांचे मतदार म्हणजे मुख्यतः नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. ग्रामपंचायत सदस्यांना यात मत नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका लांबल्या की मतदारच उरत नाहीत आणि या जागा रिकाम्या पडतात, जसे अलीकडे झाले.

पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. गेल्या वेळी नाव होते म्हणून स्वस्थ बसलेल्याचे मत जाते ते इथेच. नमुना १८ पुन्हा भरावा लागतो (शिक्षकांसाठी १९), आणि पात्रता १ नोव्हेंबर या तारखेवर मोजतात: पदवी मिळून तीन वर्षे झालेली हवीत. शिक्षकांसाठी मागच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवलेले हवे. प्राथमिक शिक्षक यात येत नाहीत.

मतपत्रिकेवर ‘पसंतीक्रम’ लिहायचा, आकड्यात. देवनागरी १ चालतो, इंग्रजी आकडाही चालतो. पण अक्षरी ‘एक’ लिहिले, बरोबरची खूण केली, दोन नावांपुढे १ काढला किंवा केंद्रावर दिलेला जांभळा पेन सोडून खिशातला वापरला, की मत बाद. सुशिक्षितांच्या मतदारसंघात बाद मते इतकी का निघतात, याचे उत्तर बहुतेकदा एवढ्यातच असते.

‘कोटा’, म्हणजे निवडून यायला लागणारी किमान मते, हाही असाच रोज छापून येणारा शब्द. एकाच जागेची निवडणूक असेल तर वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त. जागा अनेक असतील तर प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात. समजा २८८ आमदारांनी ११ जागांसाठी मते दिली आणि सगळी वैध ठरली. एकूण मूल्य २८,८००, त्याला जागांपेक्षा एकने अधिक म्हणजे १२ने भागले की २,४००, त्यात १ मिळवला की कोटा २,४०१. म्हणजे पहिल्या पसंतीची नेमकी २४ मते पडलेला उमेदवार पहिल्या फेरीत एका अंकाने अडतो. दुसऱ्या कुणाच्या जादा मतांतून चिमूटभर मूल्य त्याच्याकडे यावे लागते. ‘दुसऱ्या पसंतीवर निकाल लागला’ या बातमीमागे हे गणित असते.

पदांच्या नावांत महाराष्ट्राची रीत ठरलेली आहे: विधानसभेचे ‘अध्यक्ष’, विधानपरिषदेचे ‘सभापती’. सीमा ओलांडून गोव्यात गेले की मराठी दैनिके विधानसभेच्या पीठासीन अधिकाऱ्यालाच ‘सभापती’ म्हणतात. ४० जागांचे एकच सभागृह आहे, त्यामुळे तिथे कुणाचा गोंधळ होत नाही. पुण्या-मुंबईच्या संपादकाने गोव्याच्या बातमीतला तो शब्द चूक समजून ‘सुधारू’ नये.

क्रियापदांतही नेम आहे. बैठक ‘तहकूब’ होते, अधिवेशन ‘संस्थगित’ होते, विधानसभा ‘विसर्जित’ होते आणि सरकार ‘बरखास्त’. ‘विधिमंडळ विसर्जित’ असा मथळा चुकीचा, कारण विधानपरिषद विसर्जित होतच नाही. दर दोन वर्षांनी तिचे साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, म्हणून ती निवडणूक ‘द्वैवार्षिक’. ती अजिबात नको असेल तर विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करायचा आणि संसदेने कायदा. त्याला ‘रद्द करणे’ म्हणावे.

जाता जाता, क्रमांकाची चूकही याच जातीची. २०२४मध्ये निवडून आलेली विधानसभा पंधरावी, पण महाराष्ट्रात विधानसभेच्या निवडणुका झाल्या चौदाच. पहिली विधानसभा निवडणुकीशिवाय आली: १९५७ साली द्विभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ जागांवर निवडून आलेल्यांपैकी गुजरातचे १३२ वेगळे झाले आणि उरलेले २६४ १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे आमदार झाले. तेव्हा ‘पंधरावी विधानसभा’ बरोबर, ‘पंधरावी विधानसभा निवडणूक’ चूक.