अर्जेंटिना जिंकली, तरी निकाल ‘बरोबरी’?

कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याचं पत्र आहे. बी.एस्सी. संख्याशास्त्राचं तिसरं वर्ष, शाहू स्टेडियमवर तालमींचे, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघांचे, सामने बघत वाढलेला. तो विचारतो, ‘परदेशातल्या प्रेडिक्शन मार्केटमध्ये, म्हणजे पुढे काय घडेल यावर पैसे लावायच्या ऑनलाइन बाजारात, फुटबॉलच्या पैजांचा निकाल नेमकं लावतं कोण? त्यात करिअर होईल का? मित्र म्हणतात, आधी थोडे पैसे लावून शीक.’

प्रिय मित्रा,

मित्रांचं ऐकू नकोस. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. आडवाटेनं परदेशी साइटवर गेलास आणि पैसे अडकले, तर दाद कुणाकडे मागणार?

आता निकालाचं. तिथे प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन हिस्से विकले जातात. खरं ठरेल त्याला एक डॉलर, दुसऱ्याला शून्य. ‘हो’चा भाव ६२ सेंट असेल, तर बाजाराच्या मते शक्यता साधारण ६२ टक्के. अमेरिकेतल्या ‘काल्शी’ नावाच्या अशा बाजारात करारातल्या अटींप्रमाणे कंपनीच निकाल जाहीर करते. ‘पॉलिमार्केट’ नावाच्या दुसऱ्या बाजारात बहुतेक प्रश्नांत कुणीही अनामत ठेवून निकाल सुचवतो. साधारण दोन तासांत कुणी हरकत घेतली नाही, तर तोच कायम. वाद पेटतच राहिला तर ‘यूएमए’ नावाच्या टोकनचे, म्हणजे एका डिजिटल चलनाचे, धारक मतदान करतात.

पण खरी मेख अटींच्या शब्दांत असते. २०२२ च्या विश्वचषकाची अंतिम लढत आठव. ऐंशीव्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना २-० पुढे, मग फ्रान्सच्या एम्बापेचे दीड-दोन मिनिटांत दोन गोल. नव्वद मिनिटं आणि भरपाई वेळ संपली तेव्हा २-२, जादा वेळेनंतर ३-३, पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२. ‘सामन्याचा निकाल’ या प्रश्नात बहुधा भरपाई वेळेसह नव्वद मिनिटंच धरतात. म्हणजे उत्तर बरोबरी! ‘विश्वविजेता कोण’ या प्रश्नाचं उत्तर मात्र अर्जेंटिना. मेस्सीनं चषक उचलला तरी पहिल्या प्रश्नात अर्जेंटिनावर पैसे लावणाऱ्याच्या हाती शून्य.

म्हणून करिअर म्हणून बघायचंच असेल, तर पैज लावणाऱ्याच्या नव्हे, अटी लिहिणाऱ्याच्या आणि शक्यता मोजणाऱ्याच्या खुर्चीकडे बघ. तुझा पाया चांगला आहे. ठरावीक वेळात एखादी घटना किती वेळा घडेल याची शक्यता सांगणारं प्वासाँ वितरण तू शिकला आहेस. गोलसंख्येला ते बऱ्यापैकी लागू पडतं, पण ०-० आणि १-१ अशा कमी गोलांच्या निकालांना नीट बसत नाही. डिक्सन आणि कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये त्यावर दुरुस्ती सुचवली. तो शोधनिबंध मिळवून वाच आणि एखाद्या लीगच्या जुन्या निकालांवर स्वतः चालवून बघ. हेच कौशल्य क्लबच्या विश्लेषण विभागात, क्रीडा-डेटा कंपनीत चालतं. विमा आणि बँकांतल्या जोखीम विभागातही चालतं. त्यामुळे एकाच दारावर अवलंबून राहू नकोस. पदव्युत्तरसाठी आयआयटींच्या ‘जॅम’ या प्रवेशपरीक्षेतला गणितीय संख्याशास्त्राचा पेपर आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची (आयएसआय) एम.स्टॅट. प्रवेशपरीक्षा, दोन्ही दे. शिवाजी विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग तर घराजवळच आहे.

एक काम आजच कर. समजा, तालमींचा सामना सत्तराव्या मिनिटाला पावसानं थांबला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून खेळवला. ‘कोण जिंकलं’ याचा निकाल कसा लावायचा, याच्या अटी एका पानात लिही आणि दोन वेगवेगळ्या तालमींच्या मित्रांना वाचायला दे. दोघांनी एकच अर्थ काढेपर्यंत लिहीत राहा. मग ते पान मला पाठव.