इंजिनीअरिंगच्या मुलीला अर्थशास्त्र कशाला?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमची कोरडवाहू आणि थोडी ओलिताची शेती आहे. मुलगी अमरावतीला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग करते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे तिला एक मायनर, म्हणजे मुख्य विषयासोबतचा जोडविषय निवडायचा आहे. सोबतची पोरं कॉम्प्युटर घेत आहेत, ही अर्थशास्त्र म्हणते. गावात लोक म्हणतात, आर्ट्सच शिकवायचं होतं तर एवढा खर्च कशाला केला? तिला समजवा.
– एक पालक, जि. यवतमाळ

उत्तर :
नमस्कार भाऊ,

मला तुमच्या मुलीचं म्हणणं पटलं आहे, म्हणून समजवायचं ते तुम्हालाच.

आधी मनातली भीती काढून टाका. डिग्री इलेक्ट्रिकलचीच राहणार. मायनरचा वाटा एकूण श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो.

आता तुमच्या विहिरीवरच्या मोटरीचं बघा. हरभऱ्याला पाणी द्यायला तुम्ही रात्री-बेरात्री रानडुकरांची, सापाची भीती घेऊन गेलाच असाल. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट का ओढते, वाइंडिंग का जळतं, हे मुलगी कॉलेजात शिकते. पण शेतीला लाईन रात्रीचीच का? मीटर नसलेल्या पंपाचं बिल हॉर्सपॉवरवर का लावतात? 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं, तो पैसा कुठून येतो? आणि वीज फुकट झाली की विहिरीतल्या पाण्याचं काय होतं? ही उत्तरं सर्किटच्या आकृतीत नाहीत. ती दर, अनुदान, राजकारण आणि गावच्या व्यवहारात आहेत.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. सौर पॅनेलचं तंत्र तर त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. जुळवायचं होतं ते पॅनेल लावायला घेतलेल्या जमिनीचं भाडं, विजेचा दर आणि सरकारचा वाटा. असं काम करणाऱ्या इंजिनीअरला अर्थशास्त्र येत नसेल तर तो दुसऱ्यानं काढून दिलेला नकाशा राबवतो, एवढंच.

आर्ट्स म्हणजे कमी मार्कवाल्यांची शाखा, हे ऐकलं की मला वाईट वाटतं, आणि आपल्या भागात तर जास्तच. डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. ऑक्सफर्डला त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर. पुढे 1952 ते 1962 ते देशाचे कृषिमंत्री होते आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

पण तुमची काळजी सगळी खोटी नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कॅम्पस मुलाखतींमध्ये कॉम्प्युटरवाल्यांना थोडा फायदा मिळू शकतो. शैक्षणिक कर्जाचे हप्ते डिग्री होताच सुरू करायचे असतील, तर तिनं प्रोग्रॅमिंग स्वतःहून शिकायलाच हवं. मुख्य विषयात बॅकलॉग राहता कामा नये. आणि सोपा वाटतो म्हणून ती अर्थशास्त्र घेत असेल तर घेऊ नये, कारण त्यातही संख्याशास्त्र आहेच. हे तिला सरळ विचारा.

पुढच्या वाटा मात्र आहेत. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं सितारा हे केंद्र आहे. इंजिनीअरिंगनंतर तिथं तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एमटेक करता येतं. ऊर्जा क्षेत्रातल्या सल्लागार आणि धोरण अभ्यासणाऱ्या संस्थांनाही दोन्ही बाजू समजणारी माणसं लागतात.

सुट्टीत ती घरी आली की तिला एक काम द्या. तुमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किती पंप आहेत, कुणाचा किती हॉर्सपॉवरचा, लाईन कधी येते, मोटर कितीदा जळाली, रिवाइंडिंगला किती पैसे गेले, हे तिनं लिहून काढावं. पंपवाल्यांकडे तिच्यासोबत तुम्ही जा. ओळखीचा माणूस सोबत असला की लोक खर्चाचे खरे आकडे सांगतात.